कॉलबॅकविना डीएमए: केळीच्या मळ्यातील पंपासाठी

रावेर-यावल पट्ट्यात उन्हाळ्यात ट्यूबवेलचे पाणी खोल गेले की पंप कधी कधी कोरडा चालतो आणि मोटारीचे वाइंडिंग जळते. कोरड्या पंपावरचा भार घटल्याने मोटारीचा विद्युतप्रवाह कमी होतो. तो सतत मोजून मोटार वेळीच बंद करणारे उपकरण आमच्या केळीच्या मळ्यासाठी मी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरवर तयार केले. मोजमाप अखंड हवे होते, म्हणून मोजलेले आकडे प्रोसेसरच्या मदतीविना थेट मेमरीत नेणारा डीएमए वापरला, पण त्यासाठी इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) आणि कॉलबॅक (अशा इशाऱ्यावर आपोआप चालणारे फंक्शन) मला नको होते. पंप बंद करण्याचा निर्णय कोणत्या क्रमाने होतो, हे मुख्य लूपमध्ये वरून खाली सरळ वाचता यावे, असा माझा आग्रह होता.

वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. टायमर ३ च्या ७२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला २२,५०० ने भागले की सेकंदाला ३,२०० ट्रिगर मिळतात आणि प्रत्येक ट्रिगरला एडीसीने (सिग्नलचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाने) एक नमुना घेतला की एका आवर्तनात ६४ नमुने जमतात. म्हणून बफर, म्हणजे नमुने साठवण्याची मेमरीतील जागा, १२८ नमुन्यांचा ठेवला. त्याचा प्रत्येक अर्धा भाग म्हणजे एक पूर्ण आवर्तन.

या चिपमध्ये एडीसी १ हा डीएमए १ च्या चॅनेल १ लाच जोडलेला आहे. चॅनेल बंद असतानाच एडीसी व बफर यांचे पत्ते आणि सीएनडीटीआरमध्ये (किती नमुने न्यायचे ते सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये) १२८ हा आकडा भरला, दोन्हीकडे १६ बिटांचा आकार दिला, केवळ मेमरीचा पत्ता पुढे सरकता ठेवला आणि बफर भरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लिहिणारा सर्क्युलर मोड लावला. इंटरप्टचे बिट शून्यच ठेवले. तरीही अर्धा बफर भरताच एचटीआयएफ आणि पूर्ण भरताच टीसीआयएफ हा फ्लॅग (खुणेचा बिट) हार्डवेअर स्वतःहून लावतेच, आणि माझ्या दृष्टीने या पद्धतीचा सगळा आधार एवढाच आहे.

लूप हे फ्लॅग तपासतो, लागलेला फ्लॅग आयएफसीआर या फ्लॅग पुसण्याच्या रजिस्टरमध्ये नेमका त्याचाच बिट लिहून पुसतो आणि त्या अर्ध्या भागाचे आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) मूल्य काढतो. आयएफसीआर केवळ लिहिण्यासाठी असल्याने तेथे आधी वाचून बदल करण्याऐवजी सरळ मूल्य लिहावे. चॅनेलचा सामाईक बिट लिहिल्यास मात्र न वाचलेला फ्लॅगही पुसला जातो. बफर व्होलाटाइल घोषित केला आहे, म्हणजे कंपायलर त्यातील मूल्य दर वेळी मेमरीतूनच वाचतो. या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्याला डेटा कॅश (मेमरीतील मूल्यांची जवळ ठेवलेली प्रत) नसल्याने त्यापलीकडे काही करावे लागले नाही.

पहिल्या भागाचा हिशेब संपल्यावर मी टीसीआयएफ आणि दुसऱ्या भागानंतर एचटीआयएफ पुन्हा पाहतो. तो आधीच लागलेला असेल, तर डीएमए नुकताच हिशेब केलेल्या भागावर परत लिहू लागलेला असतो, आणि ते मूल्य पंप बंद करण्याच्या निर्णयात धरले जात नाही.