एफ-एन-यू-के-ए-डी म्हणजे दिनांक

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बारनिशीचं टेबल माझ्याकडे आहे. आलेला प्रत्येक कागद आधी माझ्यापुढे येतो. त्याच्यावर शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा, तारीख घालायची, नोंदवहीत चढवायचा आणि मग पुढे पाठवायचा. प्रवेशाच्या दिवसांत रबरी तारखेच्या शिक्क्याने मनगट भरून येतं. आकड्यांचे पट्टे फिरवताना बोटं जांभळी होतात ती वेगळीच. म्हणून यंदा ऑफिसने हातात धरून छापायचं यंत्र घेतलं. बाटल्यांवर, खोक्यांवर एमआरपी आणि पॅकिंगची तारीख छापायला कारखान्यांत वापरतात, तेच. आत शाईचं कार्ट्रिज, मागे छोटी टचस्क्रीन, खाली एक रबरी चाक. कागदावर ठेवून डावीकडून उजवीकडे ओढायचं, की मजकूर उमटतो. हात किती वेगाने चालला हे ते चाक मोजतं, त्यामुळे सावकाश ओढा नाहीतर भरकन, अक्षरं सारखीच येतात. फक्त चाक घसरता कामा नये. सुट्या कागदाखाली जाड वही ठेवावी लागते, नाहीतर अक्षरं बिघडतात.

तारीख, वेळ आणि चढता क्रमांक यंत्र आपणहून घालतं. इंग्रजीत ‘रिसीव्ह्ड’ आणि पुढे तारीख असा साचा तर चहा येईपर्यंत तयार झाला. पण आमच्याकडे अर्ज मराठी, नोंदवही मराठी, टिपणी मराठी. तिथे इंग्रजी शिक्का मला तरी नको होता.

यंत्राच्या स्वतःच्या फाँटात देवनागरी नाही. पेन ड्राइव्हवरून बाहेरचा फाँट चढवायची सोय मात्र आहे. त्यामुळे रोजच्या वापरातला युनिकोड मराठी फाँट चढवला, संगणकावर टाइप केलेलं ‘दिनांक’ आत घातलं आणि छापून पाहिलं. कागदावर उमटलं ‘दनिांक’. ‘क्रमांक’मधल्या क चा पाय मोडका आणि र शेजारी वेगळा उभा.

आपल्याकडच्या फ्लेक्सवर आणि काही पीडीएफमध्ये अशी मोडतोड सगळ्यांनीच पाहिली असेल. कारण तेच. युनिकोडमध्ये ‘दि’ साठवताना द आधी असतो आणि वेलांटी नंतर. ती वेलांटी उचलून द च्या डाव्या अंगाला नेणं, क आणि र जोडून क्र करणं, हे काम फाँटातल्या नियमांप्रमाणे संगणक करतो आणि आपल्याला ते कळतही नाही. या यंत्राला एवढंच येतं: एक चिन्ह घ्या, ठेवा, पुढचं घ्या, ठेवा.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे मजकुराचं काळंपांढरं चित्र करून ते यंत्रात भरायचं. तो चालतो, आम्ही करून पाहिला. पण ‘परीक्षा विभाग’च्या जागी ‘शिष्यवृत्ती’ हवं असेल, की पुन्हा संगणक, पुन्हा चित्र, पुन्हा पेन ड्राइव्ह. जूनमध्ये एवढा वेळ कुणाकडे असतो?

वाट दाखवली आमच्या निवृत्त मुख्य लिपिकांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पेन्शनच्या कागदासाठी आले होते. माझ्या टेबलावरचा ‘दनिांक’ पाहून म्हणाले, “बाई, याला टाइपरायटर समजा. टाइपरायटरवर वेलांटी आधी मारायचो का नंतर?”

आधी. अर्थातच आधी. टाइपरायटरला व्याकरण कुठे येत होतं, तो नुसता डावीकडून उजवीकडे ठोकत जायचा. युनिकोड येण्याआधीचे फाँट त्याच चालीचे. त्यांत इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असतो आणि दिसेल त्या क्रमाने लिहायचं असतं. त्यांतलाच एक, कृतिदेव ०१०, अण्णांना पाठ होता. मी तो यंत्रात चढवला आणि अण्णा बोलतील तसं स्क्रीनच्या इंग्रजी कीबोर्डवर दाबत गेले. एफ म्हणजे वेलांटी, एन म्हणजे द, यू म्हणजे न, के म्हणजे काना, ए म्हणजे अनुस्वार, डी म्हणजे क. सगळी धाकटी लिपी, कॅपिटल नाही. स्क्रीनवर निरर्थक इंग्रजी दिसत होतं. कागदावर उमटलं ‘दिनांक’.

‘क्रमांक’ला थोडी मजा आली. या फाँटात क्र चं तयार अक्षर आहे, पण ते कीबोर्डवर नसलेल्या लांबच्या खणात, संगणकावर ऑल्ट धरून आकडे दाबले तरच मिळणारं. यंत्रावर ऑल्ट कुठून आणायचं? मग डी आणि झेड: क, आणि त्याच्या पोटात ‘प्र’मधली तिरकी रेघ. जरा खेडवळ दिसतो, पण क्रच दिसतो. ‘महाविद्यालय’मध्ये द्य साठी उभी रेघ आणि शेवटच्या य साठी अर्धविराम, दोन्ही चिन्हांच्या पानावर सापडले. कृतिदेव कालबाह्य म्हणून मीच नव्या मुलांना तो वापरू देत नाही, आणि फायली युनिकोडमध्येच असाव्यात हे माझं मत आजही आहे, कारण कृतिदेवमधला मजकूर शोधता येत नाही की मोबाइलवर वाचता येत नाही. पण शिक्क्यातला मजकूर कुणी शोधणार नाही. तो नुसता दिसायचा असतो.

आकडे इंग्रजीच ठेवले. या फाँटात आकड्यांच्या जागी इंग्रजी आकडेच आहेत. भाचा म्हणाला, “आत्या, फाँट उघडून मराठी आकडे तिथे बसवून देतो.” मी नको म्हटलं. शाई जरा पसरली की १ आणि ९ मध्ये घोटाळा होतो, आणि आवक क्रमांकात मला तो परवडणार नाही.

ओळींचा हिशेब मात्र इंग्रजीपेक्षा वेगळा करावा लागतो. कार्ट्रिजच्या तोंडाची उंची अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तेवढ्यात ३०० बारीक छिद्रं. इंग्रजीच्या चार ओळी त्यात आरामात मावतात. मराठीत वर मात्रा-रफार, खाली उकार. चार केल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. मी दोनच ठेवल्या: वर कॉलेजचं नाव, खाली आवक क्रमांक आणि दिनांक. लांबीला तसा अडसर नाही. सहीला जागा कोरी सोडली, ती पेनानेच व्हावी.

घड्याळाला पासवर्ड लावून घेतला. माहिती अधिकाराच्या अर्जाचे ३० दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात, तेव्हा शिक्क्यावरची तारीख कुणालाही मागेपुढे करता येणं बरोबर नाही. सेटिंग बदललं की नोंदवहीत शेरा आणि सही, असं प्राचार्यांकडून लिहून घेतलंय. सकाळी पहिला शिक्का रद्दी कागदावर मारून तारीख बघते. त्याने सुकलेली शाईही मोकळी होते. चकचकीत लॅमिनेशनवर पाण्याची शाई पुसली जाते, तिथे जुना रबरी शिक्काच.

आता जावकचा साचा राहिलाय. आवक म्हणजे व्ही-के-ओ-डी, जावक म्हणजे टी-के-ओ-डी. पहिलं अक्षर तेवढं बदलायचं आणि क्रमांकाची मोजणी वेगळी लावायची.