वेळासची टोपली

शुक्रवारी संध्याकाळी टोपली उचलली, खाली वाळू. शनिवारी सकाळी वाळू. शनिवारी संध्याकाळीही वाळूच.

पुण्याहून ताम्हिणी उतरलो, माणगाव-म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठलं, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी-बाणकोटमार्गे वेळासला आलो. मार्चमध्ये ताम्हिणीत धबधबे नसतात आणि गर्दीही नसते. करपलेल्या डोंगरात मधूनच पळस पेटलेला दिसतो. मला हा ताम्हिणी पावसाळ्यातल्यापेक्षा जास्त आवडतो.

वेळास नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला. मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं नेत, उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे काम सुरू केलं आणि गावाने ते आपलंसं केलं. अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात, वर टोपली झाकतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, असली तर समुद्राकडे सोडायची.

शनिवारी संध्याकाळी दीड-दोनशे माणसं दोरीला खेटून उभी होती. टोपली रिकामी निघाल्यावर एक गृहस्थ गावातल्या कासवमित्रावर चक्क ओरडले, "एवढ्या लांबून आलोय, एखादं तरी उकरून दाखवा की!" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "दादा, त्यांची वेळ झाली की ती येतील." मला संताप आला. खरं सांगायचं, तर त्यात थोडा माझ्यावरचाही होता. सकाळी मीही आईला म्हणाले होते, दोन दिवस फुकट गेले.

रात्री ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या काकूंनी कुळथाचं पिठलं, भाकरी आणि फणसाची भाजी वाढली. 2020 च्या निसर्ग वादळात त्यांची पोफळीची बाग आडवी झाली होती. नवी रोपं लावलीत, सुपारी धरायला अजून वेळ आहे. "थांबायचं, दुसरं काय?" असं म्हणत त्यांनी आईच्या पानात तूप वाढलं.

रविवारी सकाळी गर्दी निम्म्याने कमी. ओरडणारे गृहस्थ रात्रीच निघून गेले होते. सुरूच्या बनातून आईला हाताला धरून नेलं. टोपली उचलली आणि वाळू हलली.

तीन पिल्लं. तळहातात मावतील एवढी, काळपट. पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवली, कारण ते अंतर त्यांनी स्वतःच चालायचं असतं. दोन तुरुतुरु गेली. तिसरं दर चार पावलांनी थांबायचं, मान टेकायचं. पहिल्या लाटेने त्याला उलटं करून पुन्हा वाळूवर टाकलं. एका लहान मुलीने आपल्या आईचा हात सोडला आणि पुढे झेपावली. कासवमित्राने नुसता हात आडवा केला. कुणी बोलेना. पिल्लू पाय झाडत राहिलं, कसंबसं सुलटं झालं आणि परत निघालं. दुसरी लाट आली. फेस ओसरला तेव्हा तिथे फक्त पुसट नक्षी उरली होती.

आई दोरी घट्ट धरून उभी होती. मी म्हटलं, "चल, न्याहारी थंड होईल."

"थांब गं," ती म्हणाली, "परत फेकलं असेल तर?"

आणखी सात-आठ लाटा येऊन गेल्या, तेव्हा कुठे तिने दोरी सोडली.