फ्लोरिन निऑन, आठ मात्रा

चाळीस जणांच्या व्हॉट्सॲप गटावर मूलद्रव्यांचं गाणं टाकून बघा. दोन अंगठे येतात, एक जोडलेले हात येतात आणि लगेच खाली कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक. गाणं बुडालं. तेच गाणं रसायनशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या एकाच मुलीला, ‘शेवटच्या ओळीपर्यंत थांब’ एवढंच लिहून पाठवलं, तर थोड्या वेळात उत्तर येतं : ‘अरे, सोळा राहिली की!’

ते गाणं टॉम लेहरर या गणित शिकवणाऱ्या माणसाचं. १८७९च्या एका इंग्रजी संगीतिकेतली धावती चाल उचलून त्याने १९५९मध्ये तिच्यावर तेव्हा माहीत असलेली सगळी १०२ मूलद्रव्यं बसवली. आणि शेवटी हळूच म्हणतो की हार्वर्डपर्यंत बातमी पोचली ती एवढ्यांचीच. आज आवर्तसारणीत ११८ आहेत. गाणं ऐकून झाल्यावर ज्याच्या डोक्यात आधी ही वजाबाकी होते, गाणं त्याच्यासाठी. बाकीच्यांसाठी तो नुसता भरधाव गलका.

अशा माणसाला आपल्याकडे ‘किडा’ म्हणतात. कॉम्प्युटरचा किडा, रेल्वेच्या वेळापत्रकाचा किडा. शब्द बरा आहे, कारण डोक्यात बसून पिच्छा न सोडणाऱ्या चालीलाही जर्मन लोक ‘कानातला किडा’च म्हणतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की एक किडा दुसऱ्या किड्यापर्यंत नीट पोचवायचा कसा.

सोलापुरात तशी माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही. सात रस्त्याच्या आसपास कुठल्याही चहाच्या टपरीवर इंजिनिअरिंगची चार पोरं उभी असतात, आणि चौघांच्या घरी चार भाषा : मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी. पाढेही ज्याचे त्याचे. मराठी पाढा ऐका. ‘बे एके बे’ : आठ मात्रा, लघू (ऱ्हस्व) अक्षराची एक, गुरू (दीर्घ) अक्षराची दोन, या हिशेबाने. ‘बे दुणे चार’ : आठ. ‘बे चोक आठ’ : आठच. मधे ‘बे पंचे दहा’ला नऊ होतात, तिथं वर्ग आपोआप घाई करतो आणि पुढच्या ‘बे सक बारा’ला परत ठेक्यावर येतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. कन्नडमधे पाढ्याला ‘मग्गी’ म्हणतात आणि मागाला ‘मग्ग’. मागांच्या या गावात हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात, याचं कुणालाच काही वाटत नाही ही खरी गंमत.

पण मूलद्रव्यांचं गाणं मराठीत करायला बसलं की कपाळाला आठ्या पडतात. हौशी लोक पहिली चूक करतात ती अणुक्रमांक धरून चालण्याची. हायड्रोजन, हेलियम, लिथियम... आणि दुसऱ्या ओळीत गाडी रुळावरून घसरते. कारण मोजलं की कळतं. हेलियम पाच मात्रा, लिथियम चार, बेरिलियम सहा, बोरॉन पाच. हायड्रोजनवर तर भांडण : ‘ड्रो’ जोडाक्षर, म्हणून आधीचा ‘य’ गुरू धरला तर आठ, पण बोलताना त्या ‘य’वर आघात येत नाही, आणि आघात नसेल तर ते अक्षर लघूच राहतं, असं शाळेच्या व्याकरणातच लिहिलंय. मग सात. यावर दोन कप चहा सहज जातो.

लेहररनेही क्रम पाळलेला नाही. त्याने यमक आणि ठेका बघितला, अणुक्रमांक खुशाल वाऱ्यावर सोडला. मराठीतही तोच उपाय. चार मात्रांची नावं आधी वेगळी काढायची. सोनं, चांदी, तांबं, पारा, गंधक, सगळी चारची. सराफ कट्ट्यावर आणि किराणा दुकानात वापरून वापरून ही नावं घासून गुळगुळीत झालीत. प्रयोगशाळेतून आलेली ‘इयम’वाली बरीच मंडळी पाचावर अडतात, त्यांना तीन मात्रांचा जोडीदार द्यायचा : शिसं, जस्त, कथिल. मग असं जमतं :

सोनं चांदी पारा गंधक
कार्बन लिथियम फ्लोरिन निऑन
सोडियम जस्त हेलियम कथिल

तिन्ही ओळी आठ अधिक आठ, सोळा मात्रा, सरळ पादाकुलक वृत्त. केरवा तालावर टाळी देऊन बघा, एकही अक्षर ताणावं लागत नाही. फ्लोरिन आणि निऑन तर सारणीतही शेजारी, नववं आणि दहावं. अशी जागा सापडली की जो आनंद होतो तो बिगर-किड्याला समजावून सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

आपल्याकडे ही कला जुनी आहे. ‘यमाताराजभानसलगा’ हे वृत्तांचे गण, म्हणजे लघू-गुरूचे तीन अक्षरी गट, लक्षात ठेवायचं दहा अक्षरांचं सूत्र दहावीच्या मार्कांसाठी पाठ करून लोक विसरून जातात. पण त्यातली कुठलीही लागोपाठ तीन अक्षरं उचला : यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, ताराज, राजभा, असं करत शेवटच्या सलगापर्यंत आठच्या आठ गण एकेकदाच येतात. लघू-गुरूच्या तीन जागांच्या जोडण्या आठच होतात आणि त्या याहून कमी अक्षरांत बसूच शकत नाहीत. शेवटचं ‘लगा’ आणि सुरुवातीचं ‘यमा’ दोन्ही लघू-गुरू, त्यामुळे टोकाला टोक जोडलं की आठ अक्षरांची बांगडी तयार होते. अशा बांगड्यांना आज गणितात डी ब्रॉइन या डच गणितज्ञाचं नाव आहे, त्याचा लेख १९४६चा. प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्राला कोड्यासारखं हे सूत्र पाठवावं. उत्तर त्याने शोधायचं, आपण सांगायचं नाही.

हा ‘आपण सांगायचं नाही’ नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. गाण्याच्या आधी तीन परिच्छेद : हे कोण, ते का, यात विनोद कुठं. विनोद असा सोलून ठेवला की ऐकणाऱ्याला फक्त साल उरते. एक ओळ पुरे, आणि तीही गाण्यातल्या जागेकडे बोट दाखवणारी. गाणं यूट्यूबवर असेल आणि मजा पाऊण मिनिटानंतर असेल, तर लिंकच्या शेवटी इंग्रजी टी, बरोबरचं चिन्ह आणि ४५ जोडायचं. लिंकमधे आधीच प्रश्नचिन्ह असेल तर टीच्या आधी अँडचं चिन्ह, नसेल तर प्रश्नचिन्ह. गाणं नेमकं तिथून सुरू होतं.

लिंकचा तोटा मात्र आहेच. आधी बनियनची जाहिरात लागते आणि हवा जाते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेल्याला लिंक दिली, तर कुर्डुवाडी सोडल्यावर नेटवर्क कुठं दगा देईल त्याचा नेम नाही. म्हणून जे गाणं वाटायला मोकळं आहे, त्याची फाईलच द्यावी. लेहररने २०२२मध्ये आपल्या गाण्यांवरचे हक्क सोडून दिले, त्यामुळे तिथं चोरीचा प्रश्न नाही. बाकीच्यांचं विकत घेऊन द्या किंवा लिंकवर भागवा.

फाईल देताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायची. २ जीबीपर्यंतची फाईल अशी जशीच्या तशी जाते. तीन मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाचं असेल तर जवळपास ३२ एमबी होतं, सेकंदाला ३२० किलोबिटच्या एमपी३मधे ७.२ एमबी, १२८ किलोबिटमधे २.९. ही शेवटची फाईल घेऊन कुणीतरी ती परत ३२०मधे बदलतो आणि ‘क्वालिटी वाढवली’ म्हणतो. चाळणीतून गेलेला कोंडा परत येत नाही, फक्त पिशवी मोठी होते. वर चाळणी दोनदा लागते ती वेगळीच. आणि एका फोनवर गाणं लावून दुसऱ्यावर व्हॉइस नोट करणाऱ्याला तर हुरड्याला बोलवू नये. व्हॉइस नोट बोलण्यासाठी बेतलेली असते, एका कानाची, वरचे बारीक आवाज छाटलेली. किड्यांच्या गाण्यात नेमका व्यंजनांवरच खेळ असतो. थोरियम, थुलियम, थॅलियम ही तीन वेगळी मूलद्रव्यं आहेत. खराब फाईलमधे तिन्ही एकच होतात.

टपरीवर उभ्या-उभ्या ऐकवायचं तर एक इअरबड याला, एक त्याला. इथं घात होतो. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत कधी गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात. एकाला शब्द, दुसऱ्याला नुसता पियानो. फोनच्या सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू केलं की दोघांना सगळं मिळतं. नंतर बंद करायला विसरू नका, नाहीतर महिनाभर सगळीच गाणी चपटी का वाटतायत ते कळत नाही.

फोनच्या उघड्या स्पीकरवर ऐकवायला सगळ्यात चांगलं संगीत म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं. इवलासा स्पीकर खर्ज देऊच शकत नाही, म्हणून ढोलाचं गाणं त्यावर डबा वाजवल्यासारखं होतं. पण गेमच्या चौकोनी लहरींत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूरही ठासून भरलेले असतात. खालचा सूर गळाला तरी वरच्यांवरून कान तो स्वतःच भरून काढतो. निन्टेन्डोच्या त्या आठ-बिटी यंत्रात आवाजाच्या पाचच वाटा होत्या : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. एका वाटेवर एका वेळी एकच सूर. तीन सुरांची जुळणी हवी असेल तर ते तीन इतक्या भराभर आळीपाळीने वाजवायचे की कानाला एकत्र भासावेत. तो ‘बुळबुळ’ आवाज त्यातूनच आला. स्मरणात जागा थोडी, म्हणून छोटीशी चाल गोल फिरत राहायची. पोरगं एका पातळीवर तासभर अडकलं तरी वैतागू नये अशी चाल बांधायची होती. ‘९९९९ इन १’ची कॅसेट फुंकर मारून बसवलेल्या पिढीला या चाली आजही तोंडपाठ आहेत.

गोल फिरणारी माळ सोलापूरला नवी नाही. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. जिथं भोक तिथं आकडा उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो आणि खालून धोटा जातो. शेवटचा पुठ्ठा पहिल्याला शिवलेला, म्हणून चादरीवरचं फूल परत परत येतं. धृपदच म्हणा ना. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं होतं. त्या यंत्रावर १८४३मध्ये टिपणं लिहिताना ॲडा लव्हलेस म्हणाली की जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल. आणि सुरांचे संबंध त्याच्या भाषेत मांडता आले, तर ते संगीतही रचेल. अंगावरच्या चादरीखाली मोबाईलवर गेमची चाल ऐकणारं पोर हे दोन्ही एकदम वापरत असतं.

कुणाला काय द्यायचं, यात थोडी पारख लागते. ‘पोर्टल’ हा २००७चा गेम ज्याने अजून संपवला नाही, त्याला त्याचं शेवटचं गाणं पाठवू नये. आपण त्याचा शेवट फोडतो. भौतिकशास्त्रवाल्याला सूर्याची जोडी द्यावी. १९५९च्या मुलांच्या एका तबकडीत सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा असं गाणं होतं. दे माइट बी जायंट्स या अमेरिकन बँडच्या मंडळींनी ते पुढे गायलं, लोकप्रिय केलं. मग २००९मध्ये त्यांनीच दुसरं गाणं काढून सांगितलं, की वायू नव्हे, प्लाझ्मा. शुद्धिपत्रालाही चाल लावणारे लोक. ही दोन्ही एकापाठोपाठ, याच क्रमाने द्यायची. उलट दिली तर काहीच उरत नाही.

एका वेळी एकच, हेही महत्त्वाचं. दहा लिंका टाकणाऱ्याची एकही उघडली जात नाही. समोरून काही आलं नाही तर ‘ऐकलंस का’ विचारू नये. चार दिवसांनी तो स्वतःच शिव्या घालत येतो, कारण चाल डोक्यातून जात नसते. त्यावरही उतारा आहे : रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं की च्युइंगम चघळल्याने अशी चाल कमी छळते. मनात गुणगुणताना जीभ-जबड्याची यंत्रणा हळूच कामाला लागते, तिला दुसरं काम दिलं की गाणं अडखळतं. सोलापुरात च्युइंगमचा खर्च नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तोंडात असताना कोण गुणगुणणार.

राहिलेल्या सोळांचं मात्र बाकी आहे. लॉरेन्सियम, सीबोर्जियम अशी बरीचशी लांबलचक आणि हट्टी नावं, जस्त-कथिल लावूनही न वळणारी. टपरीवर यादी शेवटाकडे सरकते, कुणीतरी बोटांवर मोजत असतं, आणि एकशे अठरावं येतं : ओगनेसॉन. ओ दोन, ग एक, ने दोन, सॉ दोन, न एक.