चौघांचा डाव

श्रावणातल्या एका दुपारी वीज गेली आणि ती इतक्यात येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे मी पडवीतल्या चौकोनी लाद्यांवर चिंचोके मांडून ‘गेम ऑफ लाइफ’ खेळत बसलो. या खेळाला संगणक लागतोच असे नाही. १९७० साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो जगापुढे आणला, त्याआधी त्याचे जनक, गणितज्ञ जॉन कॉनवे स्वतः ‘गो’ या बैठ्या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडूनच तो खेळत. भोवतीच्या आठ घरांपैकी दोन किंवा तीन भरलेली असली तर भरलेले घर टिकते, रिकाम्या घराला नेमके तीन शेजारी लाभले तर तेही भरते, आणि बाकी सारे रिकामे. सगळ्या घरांना हे नियम एकदम लावले की एक पिढी झाली.

लोकांना पटावर तिरके सरकत जाणाऱ्या ‘ग्लायडर’ नावाच्या आकृतीचे कौतुक असते. माझा जीव मात्र ब्लॉकवर, म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या चार चिंचोक्यांच्या चौकोनावर आहे. त्यातल्या प्रत्येकाला तीन शेजारी असतात आणि बाहेरच्या कुठल्याही घराला दोनांहून अधिक मिळत नाहीत, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी काही हलत नाही. एक चिंचोका उचलावा, तर रिकाम्या कोपऱ्याला तीन शेजारी असल्यामुळे पुढच्याच पिढीत तो भरून येतो.

मे महिन्यात आमच्या ओटीवर मेंढीकोटाचा डाव असाच टिकत असे. आजोबा विहिरीवर पंप बंद करायला उठले की आजी माजघराकडे हाक मारी आणि हाताला लागेल त्या पोराला त्यांच्या जागी बसवी. त्या पोराला हुकूम कळतो की नाही याची चौकशी कोणी करत नसे. (मला कळत नसे, आणि आजी दुसऱ्या बाजूची असल्यामुळे तिला ते सोयीचेही होते.) पुढे आजोबा गेले, आणि त्याच पावसाळ्यात शेजारच्या काकू मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेल्या. मागे आजी आणि आत्या राहिल्या.

ब्लॉकमधले कोणतेही दोन चिंचोके उचलले तर उरलेल्या प्रत्येकाला एकच शेजारी राहतो, आणि पुढच्या पिढीत पट रिकामा होतो. मांडलेल्या आकृतीचे पुढे काय होणार हे सहजी सांगता येऊ नये, असे नियम कॉनवे यांनी बऱ्याच खटपटीनंतर निवडले होते. या एका बाबतीत मात्र ते सांगता येते.