‘एरिक’ची प्रतिकृती, नोंद सातवी: पाच किलोंचा हिशेब

फळ्या लावण्याचे काम मागच्या नोंदीपर्यंत पूर्ण झाले होते. या पंधरवड्यात मी फक्त वजनावर काम केले, कारण या जातीच्या बोटीचा सारा स्वभाव तिच्या वजनात असतो आणि तिथे चूक झाली तर पुढची मेहनत फुकट जाते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकी नौका-रचनाकार विल्यम अ‍ॅटकिन यांनी 1920च्या दशकात, नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या जीवरक्षक बोटींचा वारसा घेऊन ‘एरिक’ या शिडाच्या बोटीचा आराखडा काढला. लांबी 32 फूट, रुंदी 11 फूट आणि वजन सुमारे 19,500 पौंड. याच आराखड्याच्या आधाराने मुंबईत सागवानाची ‘सुहेली’ बांधली गेली, आणि तिच्यातून ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या 312 दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आपल्या मुंबईच्या सुतारांनी वाकसाने तासलेली ती बोट, म्हणूनच मी हा आराखडा निवडला.

माझे प्रमाण 1:12 आहे. लांबी बारापट कमी होते, पण वजन 1,728 पट कमी होते. म्हणून गोड्या पाण्यात प्रतिकृतीचे वजन साधारण 5 किलो यायला हवे. बोटीचा सांगाडा फळ्यांसकट 1.9 किलो भरला. डेक, डोलकाठ्या, शिडे आणि काठावरून बोट चालवण्याचा रेडिओ यांचे 900 ग्रॅम धरले, म्हणजे बोट सरळ राहावी म्हणून तळाशी घालायच्या शिशासाठी 2.2 किलो उरले.

परवा घरामागच्या हौदात ती पहिल्यांदा सोडली. पुढे बसवायच्या वस्तूंच्या वजनाइतक्या तांदळाच्या पुरचुंड्या त्यांच्या त्यांच्या जागी ठेवल्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या तळाशी रचल्या. मागचे टोक जलरेषेखाली, म्हणजे आराखड्यातल्या पाण्याच्या पातळीखाली, 3 मिलिमीटर गेले, पुढचे तेवढेच वर आले. पिशव्या जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे सरकवताच ती रेषेवर आली. मग तिच्यावर हळूहळू वजन वाढवत गेलो, तेव्हा दिसले की ती 1 मिलिमीटर खाली जायला सुमारे 125 ग्रॅम लागतात. मूळ बोटीच्या मापात हे इंचाला जवळपास 1,000 पौंड होते. कित्येक महिन्यांचे अन्नपाणी भरूनही अशी बोट पाण्यात फारशी खाली का जात नाही, हे आकड्यांतून माहीत होते. ते हौदाच्या काठावर बसून डोळ्यांनी पाहण्याचा आनंद वेगळाच.

आता मुख्य अडचण. त्याच वाऱ्यात शिडांचा कलवणारा जोर बारापटीच्या घनाने कमी होतो, पण बोटीला सरळ करणारा जोर चौथ्या घाताने कमी होतो. म्हणून हुबेहूब प्रतिकृती मूळ बोटीपेक्षा फार सहज कलते. बरेच जण यासाठी बोटीखाली काढता-घालता येणारे पाते आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा लावतात. मी ते करणार नाही. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत सलग गेलेली लांब, खोल कील (तळाचा कणा) हेच या बोटीचे रूप आहे, आणि तिच्याखाली परके पाते लोंबताना मला पाहवणार नाही. मी शिडे कमी उभारीन आणि मंद वाऱ्यातच चालवीन.

अर्थात वजन म्हणजे अभय नव्हे. गोव्यात याच धर्तीवर बांधलेली ‘तुरिया’ घेऊन भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या.

अर्ध्या तासाने हौदातून बोट काढली, तर आत चमचाभर पाणी होते. डाव्या बाजूची पहिली फळी जिथे कीलला मिळते, त्या सांध्यातून ते झिरपले होते. ‘सुहेली’ही याच सांध्यात गळत होती, नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून त्यात सूत कोंबले होते. मी तो सांधा ब्लेडने चार इंच मोकळा केला आहे. लाकूड पुरते वाळले की त्यात सुताची बारीक वात दाबून वरून इपॉक्सी भरीन, आणि शिसे कायमचे बसवण्याआधी ती पुन्हा एक रात्रभर हौदात ठेवीन.