तुम्ही विचारलंत म्हणून: श्यामची आई गाणार का?

प्रश्न नेहमी एकाच चालीत येतो. "तुमचा ग्रुप ‘श्यामची आई’चं संगीत नाटक करतोय म्हणे?" मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन, "पण आई गाणार का?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं, ती गायली की पुस्तक बाटलं. उरलेल्यांना तिच्या तोंडी किमान तीन पदं हवी असतात, त्यातलं एक भैरवीत. दोघांनाही मी आजवर "बघू" एवढंच म्हणत आले. संहिता माझी आहे, त्यामुळे "बघू" म्हणण्याचा हक्क मला आहे असं वाटायचं. आता हक्काचा कंटाळा आलाय.

नाशिककरांच्या विचारण्यात मालकीही असते. साने गुरुजींनी हे पुस्तक इथल्याच तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी रात्री सुरू केलं आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे संपवलं. आम्हाला नुसत्या पहिल्या खर्ड्याला चौदा महिने लागले, हे ऐकून लोक हसतात. हसा.

किरकोळ प्रश्न आधी मिटवते. पुस्तकाला परवानगी लागत नाही. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. लेखक गेल्यानंतरची साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून पुस्तक सगळ्यांचं झालं. चित्रपटातल्या गाण्यांचं तसं नाही. "ते भरजरी पितांबराचं घाला ना, सगळ्यांना पाठ आहे," असं दर चौथा माणूस सुचवतो. त्याचे शब्द अत्र्यांचे, ते १९६९ ला गेले. चाल वसंत देसाईंची, ते १९७५ ला. हिशेब तुम्हीच करा. आणि परवानगी मिळाली तरी मी ते घेणार नाही. लोक मनात आशाबाईंना ऐकत बसतील आणि आमची नटी समोर पाहुणी होऊन उभी राहील.

दुसरा किरकोळ प्रश्न: माझी रात्र ठेवलीत का? पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, म्हणजे मोठ्या श्यामने रोज रात्री सांगितलेल्या आठवणी, आणि प्रत्येक वाचकाची एक ठरलेली असते. मध्यंतर सोडून आपल्याकडे सव्वादोन तास मिळतात, म्हणजे १३५ मिनिटं. एका रात्रीला माणसं आत येणं, प्रसंग आणि बाहेर जाणं धरून गाण्यासकट नऊ मिनिटांच्या खाली जाता येत नाही. १३५ भागिले नऊ, पंधरा. सत्तावीस रात्री कापल्या आहेत. ‘मोरी गाय’ गेली. दोन माणसांना कापड पांघरून केलेली गाय तालमीत आणून पाहिली. तिची मागची बाजू पुढच्या बाजूच्या आधी विंगेत गेली, आणि पुस्तकातल्या सगळ्यांत हळव्या रात्रींपैकी एकीची ती शोभा झाली. ‘पत्रावळ’ आहे. ‘श्यामचे पोहणे’ आहे. विहीर दिसत नाही, विंगेतला साठ लिटरचा पिंप आणि त्यात वरून टाकलेली वाळूची पिशवी एवढंच काम करते. पिशवी पाच किलोची हवी. दोन किलोची टाकली तर लोटा पडल्यासारखा आवाज येतो.

आता खरा प्रश्न.

मुखडा आणि दोन अंतरे यांत पन्नास-साठ शब्द असतात. ते बोलून दाखवायला अर्धं मिनिट पुरतं, गायला साडेतीन मिनिटं लागतात. त्यामुळे गाण्यातून नवी बातमी सांगता येत नाही, सांगायला गेलं की प्रेक्षक पुढे पोहोचलेला असतो आणि गाणारा मागून येत असतो. गाणं ठेवायचं ते घडून गेलेल्या गोष्टीवर, नाहीतर गाणं हीच घडणारी गोष्ट करायची. ‘ले मिझराब्ल’ आठवून पाहा. ह्यूगोची १८६२ ची अवाढव्य कादंबरी. १९८० साली पॅरिसला आणि १९८५ साली लंडनला तिचं संगीत नाटक उभं राहिलं. रंगमंचावर फँतीन तिच्या मोडलेल्या स्वप्नाचं गाणं गाते ती कारखान्यातून हाकलल्यावर. २०१२ च्या चित्रपटात तेच गाणं तिने शरीर विकल्यानंतर आलं. तेच शब्द, तीच चाल. पहिल्या जागी ते भीतीसारखं ऐकू येतं, दुसऱ्या जागी पंचनाम्यासारखं. जागा चुकली की चांगलं गाणंही चुकतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी काय केलं ते पुढे आहे.

रात्र सहावी, ‘थोर अश्रू’. श्यामची अंघोळ झालीये, तळवे ओले आहेत, मातीत भरतील म्हणून तो हटून बसतो. आई लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते, तो त्यावर पाय टिपतो आणि घरात उडी मारतो. पुस्तकात ही कृती चार-सहा ओळींची आहे. मी तिथे आईला गाणं दिलं. खमाज रागाच्या अंगाने, दादरा तालात, चार मिनिटं दहा सेकंद. शब्द वाईट नव्हते. अजूनही नाहीत.

गंगापूर रोडला एका हॉलमध्ये पन्नासेक वाचकांना बोलावून ते करून दाखवलं. मुद्दाम पुस्तकवेडेच बोलावले होते. धोंड्याची तयारी म्हणाल तर चोख. पहिला थर्माकोलचा केला होता, तो चौतीस किलोच्या पोराखाली तालमीतच कडकन फुटला. दुसरा १८ मिलीमीटर प्लायचा खोका, आत सहा-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या, वरून गोणपाट चिकटवलेला, शेवटच्या रंगात मूठभर बारीक वाळू, म्हणजे पाय घसरत नाही. ऑइलपेंट नाही. पाणीही नाही, रंगमंचावर वायरी असताना पाणी ओतू नये, विंगेत ओल्या फडक्यावर पाय दाबून यायचं.

आई वाकली. तिचा माईक पदराच्या आत, खांद्याजवळ लावला होता. वाकताच पदर त्यावर घासला आणि स्पीकरमधून पत्रा ओढल्यासारखा आवाज आला. लोकांनी तो माफ केला. ओचे पसरले, श्यामने पाय ठेवले, आणि ऑर्गनवर मुखड्याचे सूर सुरू झाले. इथपर्यंत तिसऱ्या रांगेत डोळ्यांना रुमाल लागले होते, मी मोजत होते. मुखडा झाला. पहिला अंतरा झाला. पोरगा ओच्यांवर उभाच. त्याला काही करायला नव्हतं, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा ऑर्गनवाल्याकडे, मग उजवा पाय डाव्या पोटरीवर घासला. दुसरा अंतरा सुरू होताना दुसऱ्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, कुजबुजल्यासारखं पण अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं:

"अगं, त्याला आत जाऊ दे आता. गार पडले असतील पाय."

हशा पिकला. कोणी दुष्टपणाने हसलं नाही, तेच जास्त लागलं. नटी कसलेली आहे, ती थांबली नाही. अंतरा पुरा केला, तिहाई घेतली, समेवर आली. पोराने उडी मारली ती सुटका झाल्यासारखी. टाळ्या पडल्या त्या त्याला.

नंतर चहाच्या वेळी चाल देणारा म्हणाला, लय ढिली होती. दिग्दर्शक म्हणाला, पोराला बिझनेस, म्हणजे करायला काहीतरी, द्यायला हवा होता. मी म्हणाले, माईक. तिघंही आपापली कातडी वाचवत होतो. माईकचा इलाज दहा मिनिटांचा होता: पदर सोडून चोळीच्या मधोमध, वायरीला टेपखाली एक वळसा ढिला ठेवून लावला की खरखर जाते. लय वाढवली असती तर गाणं साडेतीन मिनिटांवर आलं असतं आणि आजी पहिल्याऐवजी दुसऱ्या अंतऱ्यानंतर बोलल्या असत्या. खरं कारण मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, कबूल करायला तीन आठवडे लागले. पुस्तकातल्या आईला आपण काही मोठं केलं हे ठाऊकच नसतं. ते ठाऊक असतं मोठ्या झालेल्या श्यामला. तिच्या तोंडी गाणं दिल्याबरोबर ती स्वतःच्या मायेकडे बोट दाखवणारी बाई झाली. अशी बाई आपल्याला आवडत नाही, आणि आजींना तर मुळीच नाही.

तेव्हा गाऊ नये म्हणणारे खूश होतील. थांबा.

गाणं आम्ही मोठ्या श्यामला दिलं. तो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून गातो, आई काळी चारमध्ये. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, त्यामुळे त्याचा ‘प’ हा तिचा ‘सा’ आणि त्याचा ‘सा’ हा तिचा मध्यम. तंबोरा बदलावा लागत नाही. (किंमत एवढीच की तंबोऱ्यात तिचा मध्यम सतत वाजतो, म्हणून मध्यम वर्ज्य असलेले राग आईच्या वाट्याला येत नाहीत. पहाटेच्या प्रवेशाला चाल देणाऱ्याला भूप हवा होता, तो गेला.) छोट्या श्यामला गाणंच नाही, कारण त्याची पट्टीही आईचीच, दोघं एकदम गायली की एकच आवाज उरतो. एवढं जुळवून मोठा श्याम गायला, उत्तम गायला, आणि आई मुकी झाली. सबंध पहिल्या अंकात सगळे तिच्याबद्दल गातात आणि ती भांडी घासते. मखरात बसवलेली, वर उष्टी काढणारी. हे आधीपेक्षा वाईट होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या टिपणात मी ठणकावून लिहिलं होतं: मोठ्या श्यामला कीर्तनकार करा, तो गाईल, निरूपण करेल, आई फक्त बोलेल, प्रश्न मिटला. त्या टिपणातल्या बाईंना एवढंच विचारते, की कीर्तनकार सांगतो ते शिकवायला. श्याम सांगतो ते कबुली द्यायला, अर्धा वेळ तर रडत. ती दोन आसनं एक नव्हेत. बाईंकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही; कीर्तनकार आम्ही निम्मा ठेवलाय आणि तो निम्मा दिसतो.

इथे कोणीतरी हटकून ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक काढतं. त्याचे लेखक प्राजक्त देशमुख आपल्या नाशिकचे, तेव्हा काढणारच. "तिथे दोघी बायका गातातच ना!" गातात, पण ते घर तुकोबांचं आहे. तिथे अभंग चुलीच्या धुरासारखा भरलेला असतो, बाहेरून आणावा लागत नाही. श्यामच्या आईच्या घरात काय भरलेलं आहे, हे शोधायला हवं होतं, आणि ते गुरुजींनीच ठेवलेलं होतं. ‘स्त्री जीवन’मध्ये त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आहेत. ज्याने आईवर पुस्तक लिहिलं त्यानेच जात्यावरची गाणी जमवली, आणि मी खमाज शोधत बसले.

मग जातं आणलं. खरं, दगडी, दोन माणसांनी उचलायचं. पहिल्या तालमीत ते रिकामंच ओढलं: दगडावर दगड घासून कचकच आवाज आला आणि हलकं असल्याने फेरा भरभर फिरला. ओवीला तबला नसतो, फेरा हाच तिचा ताल. फेरा पळाला तशी ओवीही पळाली. आता दर चौथ्या-पाचव्या फेऱ्याला मूठभर तांदळाची वैरण घालतो, मग खुंटा जड होतो आणि गळा आपोआप सावकाश चालतो. वैरण घालायला हात जातो तिथे ओवी तुटते. ती तशीच तुटू द्यायची, नटीला ओढून धरू द्यायची नाही. जात्याखाली गोणपाटाच्या चार घड्या, नाहीतर त्याची घरघर फळ्यांतून माईकमध्ये शिरते. साथ काही नाही. चाळीस सेकंद. आणि जागा बदलली: ओवी आता अंघोळीच्या आधी येते, श्याम झोपलेला असताना, म्हणजे ती त्याला उद्देशून नाही, प्रेक्षकालाही नाही. ओच्यांवर पाय टिपणं पुन्हा आठ सेकंदांचं झालंय, मुकं.

बरं झालंय का? पहिल्यापेक्षा, हो. पण तीन पदं हवी असणाऱ्यांना चाळीस सेकंद ही थट्टा वाटणार, आणि बाटलं म्हणणाऱ्यांना ओवी म्हणजेही गाणंच. शिवाय दिग्दर्शकाचं म्हणणं, शेवटच्या निरवानिरवीत तीच ओवी परत यायला हवी. मला ते गळा काढणं वाटतं. त्याला वाटतं, मी आजींना घाबरले. घाबरलेच आहे.

घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. श्याम होणाऱ्या पोराला जूनमध्ये तेरावं लागलं, आवाजाला चीर पडायला लागलीये, आणि तो दोन इंच वाढलाय. धोंडा तेवढाच आहे.

संहितेच्या एकतिसाव्या पानावर, आई अंथरुणाला खिळलेली असते तिथे, मी पेन्सिलने लिहिलंय: ‘आई गुणगुणते.’ दिग्दर्शकाने ते खोडलंय. त्याखाली मी परत लिहिलंय, जरा बारीक अक्षरात.