वासुकीला दोन फणे

चित्ररथाच्या खर्चाच्या कागदावर सगळ्यात वरची ओळ असते संकल्पचित्राची. लोखंड, प्लायवूड, रंग, जनरेटर, ट्रकचं भाडं हे सगळं तिच्याखाली. रक्कमही तिथलीच सगळ्यात छोटी. पण शिगम्याच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाच्या दिवसांत माझं घर त्या वरच्या ओळीवर चालतं, कारण खालची कामं वेल्डर, मेस्त (सुतार) आणि पेंटर यांच्यात वाटली जातात. चित्र तेवढं माझं.

यंदा एका मंडळाच्या कागदावर ती ओळच नव्हती.

मंडळाचे सेक्रेटरी दुपारी फोंड्याला माझ्या शेडवर आले. माझ्या मुलाच्या वयाचे, चांगल्या ओळखीचे. "काका, यंदा चित्राचं टेन्शन नाही, झालंय," म्हणत मोबाइल पुढे केला. विषय समुद्रमंथन. खरं सांगतो, बघून थक्क झालो. लाटांवर सूर्यास्ताचं सोनं, मंदार पर्वत ढगांत शिरलेला, देवांच्या दंडांवर घामाचे थेंब. आठवडाभर बसलो असतो तरी तसा उजेड मला जमला नसता. "एआयने अर्ध्या मिनिटात काढलं," ते म्हणाले. "तुम्ही फक्त मापं काढून द्या."

मग मी चष्मा लावला.

वासुकीला दोन्ही टोकांना फणा होता, शेपटी नव्हतीच. असुरांनी तोंडाची बाजू धरली, देवांनी शेपटाची, आणि विषाच्या फूत्कारांनी असुर होरपळले. इथे तर देवांच्याही तोंडावर फणा! परीक्षकांच्या नजरेतून एकवेळ सुटेल, पण मिरवणूक बघायला खुर्ची टाकून बसलेल्या आजीच्या नजरेतून सुटायचं नाही. पर्वताखाली कूर्म नव्हता. पर्वताच्या एका बाजूने आत शिरणारा नाग दुसऱ्या बाजूने दुप्पट जाड होऊन बाहेर पडत होता.

हे सगळं रंगवताना निस्तरता येतं. अडचण दुसरीच होती. आमचा चित्ररथ हलता असतो. हौद्याखाली मोटर, गिअरबॉक्सने वेग उतरवलेली. तिला क्रँक, क्रँकला दोन दांडे, एक देवांच्या रांगेला, एक असुरांच्या. देव मागे रेलले की असुर पुढे झुकतात, असुर रेलले की देव झुकतात, आणि मध्ये पर्वत अर्धा वळसा घेऊन परत येतो. त्या चित्रात दोन्ही रांगा एकाच वेळी मागे रेललेल्या. तसं केलं तर ट्रक फोंड्याच्या बाहेर पडायच्या आत वासुकीचे दोन तुकडे. शिवाय चित्राला एकच बाजू. रस्त्यावर डावीकडचे लोक देव बघतात, उजवीकडचे असुर, आणि मागून ढोल-ताशांवर नाचत येणारा रोमटामेळ सगळ्यांच्या पाठी. असुरांची पाठ कशी, पाय कुठे टेकलेत, हे मोबाइलवर कुठे होतं? हौदा आठ फुटांचा, वर विजेच्या तारा. त्या पर्वताला रस्ताच पुरला नसता.

म्हणजे चित्र नव्यानेच काढायचं, आणि पैसे मात्र मापांचे.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. वर्गणी किती येते आणि ट्रकवाला किती घेतो, हे मलाही ठाऊक आहे. मला खूश करायला त्यांनी स्मरणिकेचं पानही दाखवलं: सगळी कमिटी व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या शैलीत! लोटलीचे मारियो 2011 साली गेले. कॉपीराइट कलाकाराच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे मारियोंच्या चित्रांवरचा 2071 अखेरपर्यंत. पण तो त्यांनी काढलेल्या चित्रांवर, त्यांच्या रेषेच्या ढंगावर नाही. उलट 1957 च्या आपल्या कायद्यात 1994 च्या दुरुस्तीपासून असंही आहे, की संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारा. हे सेक्रेटरींना मी मुद्दाम सांगितलं नाही.

"तुम्हीपण दुसऱ्यांची चित्रं बघूनच शिकलात ना, काका?" त्यांनी विचारलं. खोचकपणे नाही, अगदी सरळ.

शिकलो. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांची जुन्या दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं गिरवून गिरवून माझा हात बसला. पण तो गिरवलेला कागद घेऊन मी कुठल्या संपादकाकडे, दलालांपेक्षा स्वस्तात देतो म्हणून गेलो नव्हतो. हे बोललो तेव्हा ते "बरोबर" म्हणाले आणि पुन्हा मोबाइलकडे बघायला लागले.

ते गेल्यावर मी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला फोन लावला. आल्तिनोच्या गोवा कला महाविद्यालयात शिकतो. कच्चं रेखाटन माझं, रंगवून पक्कं करणं त्याचं, अशी आमची पद्धत. त्याच्या फीला तेवढाच हातभार. यंदा त्या मंडळाचं काम नाही, हे सांगायचं होतं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ते चित्र एआयवर मीच काढून दिलं त्यांना. पाचशे दिले."

राग आला. लपवत कशाला? पण तो पुढे म्हणाला, "मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी स्वतःच केलं असतं." तेही खोटं नाही.

"आणि दोन फणे कसे ठेवलेस रे?"

"शंभरदा सांगितलं एआयला शेपूट दाखव म्हणून. शेपूट आली की असुर गायब व्हायचे."

मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्याला शेडवर बोलावलं. समोरून, दोन्ही बगलांनी आणि मागून अशी चारही अंगं काढायची आणि क्रँकप्रमाणे रांगा मागेपुढे करून दाखवायच्या. याला आम्ही आजवर संकल्पचित्रच म्हणत आलो.

संध्याकाळी सेक्रेटरींना फोनवर सगळं समजावलं. तुटणारा वासुकी त्यांना लगेच कळला. नेहमीच्या निम्म्या पैशांना कबूल झाले, तेही "बाकीच्यांना विचारून सांगतो" या बोलीवर. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "काका, एक विचारू? ते चित्र घालून फ्लेक्स छापून झालेत. मग चित्ररथालाच दोन फणे लावले तर नाही का चालणार?"